खारट लागलं का?

४ फेब्रुवारी

बारके,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट न फोडताच केरात टाकावंसं वाटेल तुला. टाकू नकोस. आईच्या डोळ्याचं काम आहे.

तिच्या डोळ्यांना पाणी येतं हे तुला नवं नाही. पत्रं चालू होती तेव्हा दर वेळी मीच कळवत होते. दोन्ही डोळे वाहतात, उजवा जास्त. त्यात गेल्या सोमवारी उठली ती उजव्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात चिंचोक्याएवढी लाल गाठ घेऊनच. बोट लावू देईना. दुपारपर्यंत अर्धा गाल सुजला. मी म्हटलं, चल दवाखान्यात, तर म्हणते, "लाँड्रीवाल्यांचा रफूचा कोट आज द्यायचाय ना? तो दे आधी." स्वतः सुई सोडून वर्षं झाली, पण रुबाब अजून मालकिणीचाच. शेवटी लाँड्रीवाले मामाच वर आले. तिचं तोंड बघितलं आणि फाटका कोट तसाच काखोटीला मारून निघाले. "कोट थांबेल, वहिनी. त्याला कुठे दुखतंय?" म्हणाले. तेव्हा कुठे बाईसाहेब उठल्या.

डोळ्यांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे. जिन्याला कठडा एकाच बाजूला, तोही हलणारा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी असा जिना कुणी बांधला असेल, देव जाणे. डॉक्टरबाई तुझ्याहून लहान असेल, पण बोलणं पिकलेलं. म्हणाली, "आजी, डोळ्यांत पाणी सगळ्यांच्याच तयार होतं, दिवसभर. पापणीच्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, तिथून एका नळीनं ते नाकात उतरतं. तुमची नळी बुजलीय. मोरी तुंबली की पाणी दारात येणारच. आता साठलेल्या पाण्यात पू झालाय." आधी गोळ्या आणि दिवसातून चार वेळा कोमट फडक्याचा शेक, सूज उतरली की तपासणी, आणि मग बहुतेक ऑपरेशन.

इतकी वर्षं आम्ही वयाचा दोष म्हणून गप्प बसलो. आम्हाला काय ठाऊक, नळी असते म्हणून! आणि मला विचारशील तर रडून रडूनच बुजली असणार. दहा वर्षं ती तुझ्यासाठी डोळे गाळतेय. तुझ्या धुलाईखान्यात मोठ्या मोठ्या हॉटेलांच्या चादरींचे डाग जातात म्हणे. इथला डाग तेवढा तसाच राहिला.

ऑपरेशनला घरची दोन माणसं लागतील. ये. भांडायचं असेल तर ते नंतर भांडू, कुठे पळून चाललंय.

तुझी ताई


१६ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही. ठीक आहे. निदान माझं पत्र परत तरी आलं नाही, म्हणजे पत्ता अजून तोच आहे.

सूज उतरली. काल तपासणी झाली. आईला आरामखुर्चीसारख्या खुर्चीत मागे टेकवली, डोळ्यात बधिर करायचं औषध घातलं, आणि डॉक्टरबाईनं बोथट, वाकड्या टोकाची एक सुई पापणीच्या कोपऱ्यातल्या त्या भोकात घातली. आई हूं की चूं नाही. आयुष्यभर सुईशी खेळलेली बाई, ती सुईला काय भिणार! सुईमागच्या पिचकारीत मिठाचं पाणी. बाईनं दट्ट्या दाबला आणि विचारलं, "आजी, घशात खारट लागलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही गं. हे बघ, गालावरून खाली चाललंय."

नळी मोकळी असली तर पाणी नाकातून घशात उतरतं आणि खारट लागतं. आईचं सगळं उलटं परत आलं. डाव्या डोळ्याचंही तेच. मी रुमाल घेऊन उभी होते, तो चिंब झाला.

मी डॉक्टरबाईला विचारलंच, जास्त रडण्यानं होतं का असं? ती हसली. म्हणाली, "रडून नळ्या बुजत असत्या तर मला जेवायला वेळ मिळाला नसता." मग सांगत बसली. कुणाची पापणी आत वळलेली असते आणि केस बुबुळाला टोचत असतात, कुणाला धूळ सोसत नाही, कुणाची पापणी सैल पडून भोकच जागेवरून सरकतं. काहींचे डोळे इतके कोरडे असतात की त्या कोरडेपणानं चुरचुरून पाणी येतं. आणि वय झालं की काही बायकांची नळी आतून आक्रसत जाते, तसं आईचं. त्यात रडण्याचा काही संबंध नाही.

घरी येताना जिन्यात आईनं माझा हात धरला होता. मधल्या पायरीवर थांबून म्हणाली, "काय गं, मी कधी रडले?"

मी म्हटलं, पायरीकडे बघ.

दुसरीही एक गोष्ट झाली. डॉक्टरबाईनं विचारलं होतं, आधी कुणाला दाखवलं होतं का? मी नाही म्हणाले. तर आई म्हणते, "दाखवलं होतं की. शाळेत तपासणीचं शिबिर भरलं होतं तेव्हा. हीच घेऊन गेली होती मला." बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, त्यांनी वयामुळे आहे म्हणून सांगितलं. शिबिरातले डॉक्टर घाईतच असतात. रांग दारापर्यंत लागलेली. नीट सांगतच नाहीत.

ऑपरेशन अकरा मार्चला ठरलंय. तुला कळवायचं ते कळवलं.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

बारके,

तू उत्तर देत नाहीस ते एका अर्थी बरंच आहे. भिंतीशी बोलताना लाज कमी वाटते.

परवा डॉक्टरबाईनं ऑपरेशन समजावून सांगितलं. नाकाच्या बाजूला बारीक चीर घ्यायची, आतल्या हाडाला भोक पाडायचं आणि पाण्याला नाकात उतरायला नवी वाट करून द्यायची. बुजलेली नळी राहू द्यायची तशीच. आधी उजवा डोळा, दोन-तीन महिन्यांनी डावा. आईनं सगळं ऐकून घेतलं. दुखेल का, किती दिवस राहावं लागेल, काही विचारलं नाही. एकच विचारलं: "बाई, मग मला वाचता येईल का? धाकटीची पत्रं आहेत माझ्याकडे."

"येईल की, आजी. नजर चांगलीय तुमची. नुसतं पाणी आडवं येतंय."

तिथेच बाकावर बसले मी.

तुला माहीतच असेल, पण पुन्हा सांगते. तिच्या डोळ्यांपुढे ओळी पोहायला लागल्या तेव्हापासून तुझी पत्रं मी वाचून दाखवत होते. ती सांगायची ती उत्तरं मीच लिहीत होते. शेजारपाजारच्या कुणाकडून वाचून घे म्हटलं असतं तरी तिला पटलं नसतं. घरच्या गोष्टी घरात, हा तिचा खाक्या. सगळी पत्रं बिस्किटांच्या डब्यात आहेत. तो डबा तिच्या उशाशी असतो. अधूनमधून उघडून कागद नुसते चाचपते आणि झाकण लावते.

मी सगळं वाचून दाखवायचे नाही. आता सांगतेच. तू चार पानं लिहायचीस आणि मी "बरी आहे, काम खूप आहे, तुला नमस्कार" एवढं वाचून घडी घालायचे. तुला बढती मिळाली ते वाचलं नाही. नवी खोली घेतलीस ते वाचलं नाही. "आई, तू माझ्याकडे ये, खिडकी पूर्वेला आहे, सुईत दोरा ओवायला उजेड छान येतो" हे तू तीन वेगवेगळ्या पत्रांत लिहिलंस. तिन्ही वेळा मी ते गिळून टाकलं.

आणि त्या शिबिरातल्या डॉक्टरांना मी उगाच नावं ठेवली. ते घाईत नव्हते. तुला जाऊन वर्ष झालं होतं. आईला त्यांनी पलीकडे खुर्चीत बसवलं, मला बाजूला घेतलं आणि चिठ्ठी दिली. "अश्रूनळी बंद. शस्त्रक्रियेने बरे होईल." एवढंच, स्वच्छ अक्षरात. मी बाहेर येऊन आईला सांगितलं, वय झालंय, इलाज नाही म्हणतात. ती "असू दे" म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत माझ्याबरोबर चालू लागली.

चिठ्ठी माझ्या सुयांच्या डबीत तळाला आहे. नऊ वर्षं झाली.

का, ते विचारशील. तू गेलीस तेव्हा आईनं स्वतः तुझी बॅग भरली होती. तू गेल्यावर ती खिडकीत बसून गुणगुणत रफू करत होती. मला तिचा इतका राग आला होता! मी त्या घरात राहिले ते कुणी सांगितलं म्हणून नाही, पण कुणी जा असंही म्हटलं नाही. मग तिचे डोळे वाहायला लागले, आणि मी तुला लिहिलं की आई तुझ्यासाठी रडते. तू लगेच चार दिवस रजा काढून आलीस. आठवतं? माझ्या लक्षात आलं, या पाण्याचा उपयोग होतो.

पुढे मला भीती वाटायला लागली की डोळे बरे झाले तर ती पत्रं वाचेल, आणि वाचली तर तुझ्याकडे निघून जाईल. मी एकटी राहीन. हे खरं कारण. दुसरं काही नाही.

ताई


११ मार्च

बारके,

आत आईचं ऑपरेशन चाललंय. मी बाहेरच्या बाकावर बसून गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय. घरची दोन माणसं लागतात म्हणाले होते, तर दुसरं माणूस म्हणून लाँड्रीवाले मामा आलेत. दुकान बंद ठेवून आलेत आणि माझ्या शेजारी बसून घोरतायत. आत नेताना आईनं त्यांना सांगितलं, "हिला चहा पाजा, सकाळपासून काही खाल्लं नाहीय." चीर तिच्या नाकावर पडणार आणि काळजी माझ्या पोटाची!

एक राहिलंय. मागच्या पत्रात लिहिणार होते, हात वळला नाही.

सहा वर्षांपूर्वी तुला आईचं पत्र आलं. "मला यायचं नाही. तू मला विचारून गेली नाहीस, आता बोलावू नकोस. तू मला मेलीस." ते आईनं सांगितलेलं नव्हतं. त्यातला एकही शब्द तिचा नाही. तू लिहिलं होतंस की या सुट्टीत मी स्वतः येऊन आईला घेऊन जाते. मी घाबरले. तू दारात उभी राहिली असतीस तर सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून बसले आणि एका दमात लिहून टाकलं. शेगडीवर दूध होतं, ते उतू गेलं तरी उठले नाही.

आई रफू शिकवताना काय म्हणायची? भोक बुजवायला बाहेरचा दोरा घ्यायचा नाही, त्याच कापडाच्या शिवणीतून आतून काढायचा, म्हणजे कुणाला कळत नाही. मी तेच केलं. आईची बोलायची ढब घेतली, तिचे शब्द घेतले. तुला शंका आली नाही. तुला तिच्या तोंडून असं ऐकून काय झालं असेल याचा मी तेव्हा विचार केला नाही. नंतर रोज केला. पण नंतर विचार करून काय करायचंय?

डबा घरी आहे. काल संध्याकाळी मी तो घेऊन शेगडीपाशी बसले होते. खोटं कशाला बोलू? काडीही ओढली होती. तेवढ्यात आई पलीकडून म्हणाली, "डबा नीट ठेव गं, परत आल्यावर पहिलं काम तेच आहे." काडी बोटापर्यंत आली तेव्हा टाकली.

दार उघडलं. बोलावतायत.


१९ मार्च

सगळं नीट झालं. आज टाके काढले. नाकाच्या कडेला इंचभर रेघ आहे, आई म्हणते चष्म्याखाली झाकली जाईल. डॉक्टरबाईनं पुन्हा पिचकारी घेतली, पुन्हा तेच विचारलं, आणि आई खुर्चीत ताडकन उठून बसली. "लागलं! अगं, खारट लागलं!" वाट बघत बसलेले सगळे लोक हसले. समुद्राचं पाणी पिऊन कुणाला एवढा आनंद झाला नसेल.

मीही डोळे पुसत होते, तर डॉक्टरबाई म्हणाली, बसा, तुमचेही बघते. एक कागदाची पट्टी पापणीत अडकवली, पाच मिनिटं ठेवली. जेमतेम कडा ओली झाली. "तुमचं आईच्या बरोबर उलटं आहे. डोळे कोरडे पडलेत. दिवसभर बारीक कामाकडे एकटक बघता, पापणी मिटायची विसरता. म्हणून चुरचुरतं आणि पाणी येतं." थेंब दिलेत, दिवसातून चार वेळा. मला हसू आलं.

घरी आल्या आल्या तिनं डबा मागितला.

मी दिला. सगळी पत्रं दिली, एक सोडून. तुझं शेवटचं मी काढून शिलाई यंत्राच्या खणात ठेवलं होतं. बाकीचं वाचू दे, म्हटलं. त्यात फार तर मी गाळलं एवढंच कळेल. ते एक कळू नये.

ती खिडकीत माझ्या जागेवर बसली. उजवा डोळा उघडा, डाव्यावर रुमाल दाबून धरलेला. ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचत होती. चहा गार झाला, दुसरा दिला, तोही गार झाला. मी समोर बसून कोटाच्या बाहीवर सुई चालवत होते. तीन वेळा उसवलं.

रात्री निजताना एवढंच म्हणाली, "धाकटीचं अक्षर सुधारलंय."

ताई


२३ मार्च

बारके,

दोन दिवस ती वाचत होती. तिसऱ्या दिवशी विचारलं, "नंतर तिनं लिहायचं का थांबवलं गं? इथे तर घ्यायला येते म्हणतेय. आली का नाही?"

इतकी वर्षं मी तिला तू कामात असशील म्हणून सांगत आले होते, ते आता चालण्यासारखं नव्हतं. दुसरी तीन-चार उत्तरं सुचली. तू आजारी होतीस, तुला रजा मिळाली नाही, टपाल हरवलं. तोंडावर आली होती. पण तिच्या उजव्या डोळ्यात पाणी नव्हतं, आणि ती सरळ माझ्याकडे बघत होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे इतकं स्वच्छ बघत होतं. मी उठले आणि यंत्राच्या खणातून तुझं पत्र काढून दिलं.

तुला आठवत असेल तू काय लिहिलं होतंस. "आई, तुझं पत्र मिळालं. मी तुला मेले म्हणतेस. बरं. मेलेल्या माणसाची पत्रं येत नसतात, म्हणून हे शेवटचं. तुझ्यासाठी घेतलेल्या खोलीत आता कपडे वाळत घालते."

तिनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, "हे मी म्हटलं?"

"नाही."

"मग कोणी?"

"मी."

ती कागदाच्या घडीवर नखानं रेघ ओढत बसली. मग बोलली. जसं बोलली तसं लिहिते, आता गाळायचं काही नाही.

"मला पान भरलेलं दिसायचं गं. अक्षर लागायचं नाही, पण पान काळं दिसायचं. तू दोन ओळी वाचून घडी घालायचीस. मला कळत होतं तू गाळतेस."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? म्हटलं, ही एकटी पडायला भिते. तूही माझीच. दोन ओळी गाळल्या म्हणून पोरगी वाईट ठरत नाही. मला कुठे जायचं होतं, मी तुझ्यापाशीच राहिले असते." मग आवाज चढला तिचा. "पण माझ्या तोंडात हे घातलंस? माझ्या पोरीला मी मेलीस म्हटलं? सहा वर्षं ती हे उराशी घेऊन बसलीय आणि मी इथे तुझ्या हातचा चहा पितेय!"

ऐकलंस? राहिले असते म्हणाली. मी विचारलं असतं, तर ती राहिली असती.

मग मी सुयांची डबीही आणली. चिठ्ठी काढून दिली. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर चांगलं आहे. तिनं वाचली. तारीख वाचली. बोटांवर मोजलं.

"नऊ वर्षं मी सुई धरली नाही," म्हणाली. "तो रेशमी झगा आठवतो? माझ्या डोळ्यातला थेंब पडून डाग पडला त्यावर. त्या बाई मला नको नको ते बोलल्या. मी सुई तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, आता माझं संपलं."

आणि ती रडली. बारके, मी तुला वर्षानुवर्षं लिहिलं की आई रडते. मी तिला रडताना परवा पहिल्यांदा बघितलं. ते डोळ्याच्या कोपऱ्यातून नुसतं ओघळणारं पाणी नव्हतं. सगळं अंग हलत होतं तिचं. माझा हात तिनं बाजूला केला.

आता ती माझ्याशी बोलत नाही असं नाही. "मीठ दे", "दार लाव", सगळं बोलते. पण मी दिसले की तिचं तोंड मिटतं. काल तिनं कागद-पेन मागितलं आणि माझ्याकडे पाठ करून तुला पत्र लिहिलं. टपालात टाकायला लाँड्रीवाले मामांना दिलं. मी खालीच जात होते, तरी त्यांच्याकडे दिलं. मामा माझ्याकडे न बघता खिशात घालून गेले. त्यांना काय सांगितलं असेल, किंवा काहीच सांगितलं नसेल. तिचं बरोबर आहे.

ताई


५ एप्रिल

बारके,

हे पत्र टपालानं नाही, आईच्या पिशवीतून येतंय.

तुझं उत्तर तिनं स्वतः वाचलं, मग मला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती वाचतेय आणि मी ऐकतेय, सगळा उलटा कारभार. "आई, शनिवारी सकाळी दहाला गाडी घेऊन येते. खाली थांबेन. वर येणार नाही." शेवटचं वाक्य तिनं वाचलं नसतं तरी मला कळलं नसतं. पण तिनं वाचलं. एक शब्द गाळला नाही.

कायमची जातेय का, मी विचारलं नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन तुझ्याकडे करायचं असं तिनं ठरवलंय. डॉक्टरबाईनं सगळे कागद दिलेत, ते निळ्या पिशवीत आहेत. तिचे थेंब दिवसातून तीनदा, झोपताना मलम. अजून पंधरा दिवस नाक जोरात शिंकरू द्यायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. ती ऐकत नाही, ओरडावं लागतं. वाकून जड काही उचलू देऊ नकोस. डावा कोपरा लाल झाला किंवा दुखायला लागला तर थांबू नकोस, लगेच दाखव. मी थांबले होते.

तिची सुई-दोऱ्याची पेटी तिनं मागून घेतली. काल खिडकीत बसून मोज्याच्या टाचेला रफू करून बघितलं. हात थोडा कापला, पण मला भोक कुठे होतं ते शोधावं लागलं. तुझी ती पूर्वेची खिडकी मोकळी कर. कपडे दुसरीकडे वाळतील.

माफी मागायची म्हणून दोन पानं लिहिली होती, फाडली. तिच्या नावानं मी इतकं गोड आणि इतकं कडू लिहिलंय की माझ्या नावानं काही लिहिलं तरी तुला खरं वाटणार नाही, आणि वाटू नये. मी तुझी आई सहा वर्षं तुझ्यापासून तोडली आणि तिचे डोळे नऊ वर्षं तिच्यापासून. एवढंच लिहिते.

पाकीट चिकटवलेलं नाही. वाटेत तिला वाचावंसं वाटलं तर वाचू दे. आता तिला येतं.

मी खाली येणार नाही. मामा तिची बॅग उतरवतील. मी खिडकीत असेन, कोटाची बाही अर्धी राहिलीय आणि दहाचा उजेड कामाचा असतो. वर बघायचं की नाही ते तुझं तू ठरव. बघितलंस आणि मी डोळे पुसताना दिसले, तर मनावर घेऊ नकोस. माझं कोरडेपणाचं आहे. डॉक्टरबाईनं लिहून दिलंय.

ताई